शिरलें तें बसलेंच असें नाहीं

रत्नागिरी जिल्ह्यांतील एका वाचक भगिनींनीं आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्यांचे मामंजी गेल्या वर्षीं वारले. त्यांच्यामागें शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची 12 बोअरची एकनळी बंदूक रीतसर अर्ज होऊन थोरल्या चिरंजीवांच्या, म्हणजे या भगिनींच्या यजमानांच्या, नांवावर आली. पुढें माळा झाडतांना पत्र्याचा एक डबा सांपडला. त्यांत कांहीं जाड व कांहीं किंचित् बारीक अशीं दोन जातींचीं काडतुसें निघालीं. “धाकटे भावोजी म्हणतात, बारीक काडतूसहि नळींत सहज जातें, तेव्हां तें चालेल. रानडुकरें रोज रात्रीं भाताची नासाडी करीत आहेत आणि नवीं काडतुसें आणावयाचीं म्हणजे शहराला खेप करावी लागते. पण माझें मन घेत नाहीं. आपलें मत कळवावें,” असें त्या लिहितात.

प्रश्न मासिकाच्या तारखेपर्यंत राखून ठेवण्यासारखा नव्हता. म्हणून उत्तर त्यांस आम्ही त्याच दिवशीं दूरध्वनीनें कळविलें. तें असें : तुमचें मन घेत नाहीं तेंच बरोबर आहे. डबा कुलपांत ठेवावा, आणि त्यांतील एकहि काडतूस, जाड असो कीं बारीक असो, जाणत्या माणसाच्या डोळ्यांखालून गेल्यावांचून बंदुकींत घालूं नये. उत्तर एवढेंच आहे. परंतु नुसत्या निषेधानें तरुण माणसाचें समाधान होत नाहीं, आणि व्हावें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. ज्या घरांतून अशा बंदुका अद्यापि आहेत, त्या घरांसाठीं या निषेधाचीं कारणें येथें सविस्तर मांडतों.

संस्कृत न्यायशास्त्रांत वाक्याचा अर्थबोध होण्यास ‘योग्यता’ ही एक अट मानिली आहे. ‘अग्नीनें झाडें शिंपावीं’ हें वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. कर्म, करण व क्रिया हीं तिन्ही आपापल्या जागीं नीट बसलेलीं आहेत. तरी शिंपण्याची योग्यता अग्नीच्या ठायीं नसल्यामुळें त्यांतून अर्थ निष्पन्न होत नाहीं. काडतूस व बंदूक यांचा संबंध नेमका असाच आहे. काडतूस नळींत शिरलें एवढ्यानें तें त्या नळीचें ठरत नाहीं. फरक इतकाच कीं, वाक्यांत योग्यता नसली तर ऐकणारा हंसतो; बंदुकींत नसली तर उडविणाराचा हात जातो, कधीं डोळे जातात, कधीं प्राणहि जातो.

आतां प्रथम ‘बोअर’ या शब्दाचा उलगडा करूं. कारण पुष्कळ घोटाळा येथूनच सुरू होतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल ती नळी 12 बोअरची. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार हें उघड आहे. ती जिच्यांत बसेल ती 20 बोअरची. म्हणजे आंकडा वाढला कीं नळी बारीक होते. 12 बोअरच्या नळीचा व्यास सुमारें 18.5 मिलिमीटर, 16 बोअरचा सुमारें 16.8, आणि 20 बोअरचा सुमारें 15.6 मिलिमीटर असतो. या रीतीस अपवाद ‘410’ नांवाच्या बारीक बंदुकीचा. तेथील आंकडा गोळ्यांचा नसून इंचाच्या सहस्रांशांचा आहे. म्हणजे व्यास 0.410 इंच, सुमारें 10.4 मिलिमीटर.

याशिवाय काडतुसाच्या खोक्यावर छऱ्यांचा क्रमांक निराळाच असतो, आणि तेथेंहि आंकडा वाढतो तसा छरा लहान होतो. अशा रीतीनें एकाच खोक्यावर बोअरचा आंकडा, लांबीचा आंकडा आणि छऱ्याचा आंकडा असे तीन आंकडे असतात, आणि ते तिन्ही निरनिराळ्या गोष्टींचे असतात. दुकानांत जाऊन नुसतें “चार नंबरचीं द्या” म्हणणारा गिऱ्हाईक तीनपैकीं एकच गोष्ट सांगत असतो. उरलेल्या दोन दुकानदाराच्या तर्कावर सोडतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. काडतुसाच्या बुडाला पितळेची किंवा पोलादाची टोपी असते व तिला बाहेर आलेली एक कड असते. नळीच्या मागच्या भागांत काडतूस बसावयाची जी रुंद जागा असते, तिला आपण ‘कोठी’ म्हणूं. 12 बोअरची कोठी 20 मिलिमीटरांहून थोडी रुंद असते. पुढें ती एका निमुळत्या गळ्यांतून 18.5 मिलिमीटरांच्या नळींत उतरते. 12 बोअरच्या काडतुसाची कड 22 मिलिमीटरांच्या वर असल्यामुळें ती कोठीच्या तोंडाशीं अडते आणि काडतूस आपल्या जागीं राहतें. 20 बोअरच्या काडतुसाची कड मात्र 19 मिलिमीटरांहून किंचितच अधिक असते. म्हणजे कोठीच्या तोंडाशीं अडण्यास ती लहान, आणि नळींत उतरण्यास मोठी. त्यामुळें तें काडतूस कोठींतून सबंध पुढें घसरतें आणि त्याची कड गळ्यापाशीं जाऊन अडकते. मागून पाहणारास कोठी रिकामी दिसते.

येथपर्यंत कांहींच बिघडलेलें नाहीं. बिघडतें तें पुढच्या क्षणीं. रात्रीची वेळ, बांधापलीकडे सळसळ, हातांत विजेरी. उडविणारा चाप ओढतो. नुसता ‘टक्’ असा आवाज होतो, कारण घोड्याच्या टोंचणीपुढें काडतूसच नाहीं. तो बंदूक मोडून पाहतो. कोठी रिकामी. घाईंत आपण काडतूस घालावयास विसरलों, असें त्याला वाटतें. तो खिशांतून दुसरें काडतूस काढतो. हें नेमकें 12 बोअरचें, खरें व योग्य असतें. तें बरोबर बसतें. तो पुन्हां चाप ओढतो. मागच्या काडतुसाची दारू पेटते, छऱ्यांचा लोट पुढें सुटतो आणि अवघ्या कांहीं सेंटिमीटरांवर बुचासारख्या अडकून बसलेल्या पहिल्या काडतुसावर आदळतो. वाट बंद, मागून वायूचा दाब वाढत आहे, त्यांत पुढच्या काडतुसाची दारूहि पेट घेऊं शकते. पोलाद फाटतें. आणि तें जेथें फाटतें त्याच्या खालींच बंदूक तोलून धरलेला डावा हात असतो.

वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या प्रकारांत बंदूक चांगली, 12 बोअरचें काडतूस चांगलें आणि 20 बोअरचें काडतूसहि चांगलें. दोष कोणत्याच वस्तूंत नाहीं. त्यांच्या संगतींत आहे. उलट 20 बोअरच्या बंदुकींत 12 बोअरचें काडतूस घालूं गेल्यास तें शिरतच नाहीं, आणि अनर्थ टळतो. जें मुळींच जुळत नाहीं तें आपण होऊन दारांत उभें राहतें. भय असतें तें जवळजवळ जुळणाऱ्या वस्तूचें. याच कारणास्तव बहुतेक कारखानदार 20 बोअरच्या काडतुसाचें कवच पिवळें ठेवतात आणि इतर बोअरांस तो रंग देत नाहींत. परंतु जुन्या कागदी काडतुसांना हा संकेत लागू नव्हता. आणि रात्रीं विजेरीच्या उजेडांत रंगावर कितपत विसंबावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. बुडावर कोरलेला आंकडा वाचणें हाच खरा उपाय.

दुसरा घोटाळा लांबीचा. तो अधिक फसवा आहे, कारण येथें बोअर तंतोतंत जुळलेला असतो. 12 बोअरचीं काडतुसें 65, 70 व 76 मिलिमीटर अशा लांबींचीं मिळतात; इंचांच्या भाषेंत अडीच, पावणेतीन व तीन. पण ही लांबी न उडविलेल्या काडतुसाची नव्हे. काडतुसाचें तोंड चुण्या घालून आंत दुमडलेलें असतें. बार झाला कीं तें उलगडतें, आणि त्या उलगडलेल्या कवचाची लांबी खोक्यावर लिहिलेली असते. म्हणून 70 मिलिमीटरांचें काडतूस हातांत घेऊन मोजलें तर तें 60 मिलिमीटरांच्या आसपास भरतें, आणि 65 मिलिमीटरांच्या जुन्या कोठींत सुखानें बसतें. बंदूक मिटते, कुलूप लागतें, कोठें कांहीं अडत नाहीं. बार होतांच मात्र दुमडलेलें तोंड उलगडूं लागतें आणि त्याला जागा पुरत नाहीं. तें निमुळत्या गळ्यांत घुसतें, वाट आंवळते, आणि दाब बंदूक घडविणारानें योजिलेल्या मर्यादेपलीकडे जातो.

76 मिलिमीटरांच्या काडतुसांत दारू व छरे अधिक असल्यानें हा धोका आणखी वाढतो. युरोपांतील परीक्षणाच्या नियमांप्रमाणें साध्या 12 बोअरच्या 70 मिलिमीटर काडतुसास कमाल दाब 740 बार, तर जोरदार जातीच्या काडतुसास 1050 बार मान्य आहे. एक बार म्हणजे सुमारें आपल्या भोंवतालच्या हवेचा दाब. यावरून त्या एवढ्याशा नळींत काय चाललेलें असतें याची कल्पना यावी. आणि जी बंदूक पहिल्या आंकड्यासाठीं घडविली तिला दुसरा आंकडा सोसावयास लावणें म्हणजे काय, हेंहि ध्यानीं यावें.

या दुसऱ्या प्रकारांत पहिल्याच बाराला अनर्थ होईल असें नाहीं, आणि तेंच वाईट. “गेल्या दिवाळींत चार उडविलीं, कांहीं झालें नाहीं,” असें सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्येक बाराबरोबर बिजागरी थोडी ढिली होते, कुलपाची पकड झिजते, नळींत डोळ्यांना न दिसणारी चीर वाढते. घरावरचें कर्ज जसें व्याज सांचत असतां गवगवा करीत नाहीं, तसेंच हें आहे. कालपर्यंत कांहीं झालें नाहीं, हें आज कांहीं होणार नाहीं याचें प्रमाण नव्हे.

तिसरी विजोड गोष्ट जुनी नळी व नवी दारू ही होय. आपल्याकडील कांहीं घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळच्या विलायती दुनळ्या आहेत. त्यांच्या नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्याच्या लहरींसारखी सुंदर नक्षी असते. ही नक्षी वरून काढलेली नाहीं. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या पिळून, एका दांड्याभोंवतीं गुंडाळून व ठोकून सांधल्यामुळें ती उमटलेली असते. ‘दमास्कस’ म्हणतात ती हीच नळी. ती घडविली गेली तेव्हां काळी दारू वापरीत. पुढें 1884 सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यांनीं बिनधुराची दारू सिद्ध केली आणि हळूहळू सर्वत्र तिचा प्रसार झाला. या दारूचें बळ निराळें, दाब चढण्याची रीतहि निराळी. त्यांतून, पिळाच्या सांध्यांत शंभर वर्षांचा गंज आंत कोठवर गेला आहे, हें बाहेरून कोणासहि सांगतां येत नाहीं. अशी बंदूक पूर्वजांची आठवण म्हणून अवश्य जपावी. तींत आजचें काडतूस मात्र घालूं नये.

नळीचें बळ आजमावण्याची व्यवस्था इंग्लंडांत फार जुनी आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघास 1637 सालीं सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह 1813 सालच्या कायद्यानें स्थापन झालें. तेथें नेहमींपेक्षां अधिक दाबाचा बार करून जी नळी टिके तिच्यावर मोहोर उमटवीत. बंदूक मोडून नळी उलटी धरली तर बुडाशीं हीं चिन्हें, बोअर, आणि पुष्कळदां कोठीची लांबीहि कोरलेली आढळते. आम्हांस हीं अक्षरें जुन्या शिलालेखासारखीं वाटतात. बंदुकीची कुळकथा त्यांत असते. ती न वाचतां बंदूक वापरणें म्हणजे दस्तऐवज न वाचतां त्यावर सही करणें होय. चिन्हें नसलीं किंवा झिजलेलीं असलीं, तर परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाराकडून कोठी मोजून घ्यावी. मनानें अंदाज करूं नये.

आतां असलीं विजोड काडतुसें घरांत येतात तरी कशीं? एकत्र कुटुंबांत याचा मार्ग ठरलेला आहे. एका काळीं काकांची हलकी 20 बोअरची बंदूक असते व वडिलांची 12 बोअरची. काका जातात, त्यांची बंदूक विकली जाते किंवा जमा होते. काडतुसें मात्र डब्यांत राहतात. बंदुकीची नोंद परवान्यावर असते म्हणून तिची सर्वांना आठवण. काडतुसांचा हिशेब केवळ एका माणसाच्या डोक्यांत, आणि तो त्याच्याबरोबर जातो. पुढें कोणी आवराआवर करतांना दोन अर्धवट डबे पाहतो आणि टापटीपीच्या हौसेनें एक करतो. घोटाळा त्या क्षणीं झाला. स्फोट वीस वर्षांनीं होतो. शिवाय निवडणुकींच्या वेळीं कोंकणांतील पुष्कळ बंदुका पोलीस ठाण्यांत जमा होतात व मग परत येतात. त्या अवधींत नळींत कुंभारमाशीनें मातीचें घर केलेलें असलें, तर तें बूच 20 बोअरच्या काडतुसासारखेंच घातक होय.

म्हणून ज्या घरीं बंदूक आहे त्या घरीं पुढील रीत पाळावी, असें आमचें सांगणें आहे. एका घरांत एकाच बोअरचीं व एकाच लांबीचीं काडतुसें असावींत. तीं मूळ खोक्यांतच ठेवावींत; सुटीं करून डब्यांत, बटव्यांत किंवा कोटाच्या खिशांत टाकूं नयेत. बंदूक हातांत घेतांच, ती रिकामी आहे अशी खात्री करून, मागच्या बाजूनें नळींतून उजेड पाहावा. पूर्ण गोल उजेड दिसल्यावांचून काडतूस घालूं नये. चाप ओढूनहि बार झाला नाहीं, तर नळीचें तोंड निर्धोक दिशेस ठेवून अर्धा मिनिट तसेंच थांबावें, कारण दारू कधीं कधीं उशीरां पेटते. मग बंदूक मोडावी, आणि घातलेलें काडतूस प्रत्यक्ष हातांत आल्यावांचून दुसरें घालूं नये. तें कोठींत दिसत नसेल, तर तें पुढें गेलें आहे असेंच समजावें. आणि बार फुसका झाला, आवाज नेहमींसारखा आला नाहीं, तर छरे किंवा बूच नळींत अडकलें असेल असें धरून पुन्हां नळींतून उजेड पाहावा. हे सर्व मिळून एक मिनिटाचें काम आहे. तेवढ्यांत रानडुकर निघून गेलें तर जाऊं द्यावें.

कायद्याची बाजूहि ध्यानांत असावी. 1959 च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवाना जसा शस्त्रास लागतो तसा दारूगोळ्यासहि लागतो. ज्या बंदुकीचा परवाना आपल्या नांवें नाहीं तिचीं काडतुसें “पडलीं आहेत तर असूं द्या” म्हणून ठेवतां येत नाहींत. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तीं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीं लागतात. 2019 च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस फार तर दोन बंदुका बाळगतां येतात, आणि वारशानें आलेल्या बंदुकाहि त्यांत मोजल्या जातात. तसेंच बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें त्यासाठीं वनखात्याची वेगळी लेखी अनुमति लागते. निकामी वाटणारीं काडतुसें कोणी चुलींत घालतात, कोणी विहिरींत टाकतात, कोणी भंगारवाल्यास देतात. यांतील एकहि गोष्ट करूं नये.

धाकट्या भावोजींस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, रात्रीं शेत राखावयास जाणारा माणूस भ्याड नसतो, आणि आंकडा वाचून काडतूस घालणाराहि भ्याड नसतो. एका रात्रींत रानडुकरें जेवढें भात तुडवतील, त्याची किंमत काढतां येते. डाव्या हाताच्या बोटांची किंमत आजवर कोणीं काढल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

राहतां राहिला पत्र्याचा डबा. काडतुसें जमा करून त्यांची पावती घ्यावी व ती परवान्याच्या पुस्तकांत ठेवावी. डबा धडका असल्यास टाकूं नये. कोंकणांतील पावसाळ्यांत झांकणाचा डबा घरांत पाहिजेच. मात्र यापुढें त्यांत जें ठेवाल त्याचें नांव ठळक अक्षरांनीं वर लिहून ठेवावें, म्हणजे तुमच्यामागून माळा झाडणारास कोणाला विचारावें लागणार नाहीं.